अंगठ्याच्या जागी

बारक्या: पायाचं बोट. परत एकदा सांगा, डॉक्टरीणबाई. माझ्या बहिणीला जरा कमी ऐकू येतं.

अक्का: मला नीट ऐकू येतं. याला नीट समजत नाही, हे दुखणं वेगळं.

डॉक्टर: डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट, काका. हाड, नस, रक्तवाहिन्या, नख, सगळ्यासकट काढायचं आणि उजव्या हाताला अंगठा होता त्या जागी जोडायचं.

बारक्या: आणि पायाला काय जोडणार? नाक?

डॉक्टर: पायाची जागा आम्ही शिवून टाकतो. दोन-तीन महिन्यांत बूट घालून चालाल, शेजाऱ्यांनाही कळणार नाही.

अक्का: शेजारी मीच आहे. खोली एकच, मध्ये फळ्यांची भिंत. अलीकडे हा लोकांची डोकी भादरतो, पलीकडे मी लोकांचे कपडे इस्त्री करते. शटर दोघांत एक.

बारक्या: त्याच शटरने मला अंगठा दाखवला. माझाच.

डॉक्टर: केसपेपरवर 'शटरखाली चिरडून' एवढंच लिहिलंय. नक्की काय झालं होतं?

बारक्या: हिने ओढलं.

अक्का: याने हात घातला. दुपारी जेवायला दुकान बंद करत होते. 'ओढते रे' म्हणून ओरडले. सगळ्या गल्लीने ऐकलं.

बारक्या: ही सकाळपासून ओरडतच असते. त्यातलं शटरचं कुठलं आणि उगाचचं कुठलं, माणसाने कसं ओळखायचं? टॉवेल उंबऱ्याबाहेर पडला होता, तो आत घ्यायला वाकलो.

अक्का: टॉवेल वाचला. हे सांग ना त्यांना.

डॉक्टर: तीन महिने झालेत. जखम छान भरलीय, आता ठरवायला हवं. काहीच न करणं हा एक पर्याय. दुसरा म्हणजे तर्जनी सरकवून अंगठ्याच्या जागी आणायची.

बारक्या: अंगठा गेला शटरखाली आणि शिक्षा शेजारच्या बोटाला. तर्जनी मी देणार नाही. कात्री तोलून धरते ती तर्जनी.

डॉक्टर: कात्री कशी धरता, दाखवाल? डाव्या हातात घेऊन दाखवा.

बारक्या: डाव्या हाताचं नाव काढू नका. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात चालत नाही. पाती फाकतात, केस मध्येच दुमडतो. एकाच्या डोक्यावर करून बघितलं. तो अजून टोपी घालून फिरतोय.

अक्का: या उन्हाळ्यात. लोकरीची.

बारक्या: हे बघा. करंगळीशेजारचं बोट या कडीत. हे पातं हलत नाही. दुसऱ्या कडीत अंगठा. चालतो तो फक्त अंगठा. बाकीची बोटं नुसती टेकून असतात, घरच्या माणसांसारखी.

अक्का: घरची माणसंच तीन महिने तुला जेवायला घालतायत.

डॉक्टर: म्हणूनच मी पायाचं बोट म्हणतेय. पायाचा अंगठा जास्त दणकट, पण तुमचं काम दिवसभर उभ्याने. पाऊल रेटतो तो अंगठाच, त्याला जागेवर राहू दे. दुसरं बोट हातावर जरा बारीक दिसेल. पण ते वळेल, चिमटीत धरेल, आणि काही महिन्यांनी त्याला स्पर्शही कळेल.

बारक्या: आणि लोकांना काय सांगू? माझं काम लोकांच्या तोंडावरचं आहे, बाई. गाल ताणायचा, हनुवटी उचलायची, ओठावर बोट टेकायचं. तुमचं ऐकलं तर मी दिवसभर लोकांच्या तोंडावरून पाय फिरवणार आणि वर पावडर लावणार.

डॉक्टर: हातावर रुजलं की ते हाताचं झालं, काका. हाताचं रक्त, हाताची नस.

बारक्या: हे तुम्हाला कळतं, तुम्ही शिकलेल्या. गिऱ्हाईक गळ्याला फडकं बांधून, डोळे मिटून बसतं. त्याच्या मनात एकच येणार, हे बोट काल कुठे कुठे जाऊन आलं असेल.

अक्का: याची गिऱ्हाइकं म्हणजे कोणी राजेरजवाडे समजू नका. निम्मे तर डोकं न धुता येतात.

डॉक्टर: सिगारेट ओढता?

बारक्या: कधीतरी. दिवसाला फार तर अर्धं—

अक्का: पाकीट. अख्खं.

डॉक्टर: आजपासून बंद. धूर आत गेला की बारीक रक्तवाहिन्या आखडतात. आम्ही दहा तास दुर्बिणीखाली केसापेक्षा बारीक दोऱ्याने त्या शिवणार आणि तुम्ही एका झुरक्यात सगळं घालवणार, हे मला चालणार नाही. महिनाभर न ओढता दाखवा, मग तारीख देते.

बारक्या: हात माझा, पाय माझा, आणि अटी यांच्या.

डॉक्टर: आणखी एक ऐकून ठेवा. शंभरातली चार-पाच बोटं जगत नाहीत.

बारक्या: ऐकलंस, अक्का? हे मात्र नीट ऐकू आलं असेल.

* * *

अक्का: गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून किती वेळ आरशात बघणार आहेस?

बारक्या: गिऱ्हाईक नाही म्हणून बसलोय. खुर्चीला माणसाची सवय राहायला हवी.

अक्का: सकाळपासून दोघं येऊन गेले.

बारक्या: एक तुझ्याकडे पँट टाकायला. दुसरा पोस्टमन. मला विचारतो, कसं आहे आता. त्याची मान बघितलीस? समोरच्या त्या काचेच्या दाराच्या सलूनमधून कापून आलाय. मागची रेघ अशी, जशी चालत्या गाडीत कोणी सही केली. आणि ती मान घेऊन माझ्यासमोर उभा. लाज म्हणून नाही.

अक्का: तुझा अंगठा गेला म्हणून लोकांचे केस वाढायचे थांबतात का?

बारक्या: तू डॉक्टरीणबाईंना हो सांगून आलीस ना?

अक्का: आले.

बारक्या: बोट कोणाचं?

अक्का: त्या बोटाचा एक उपयोग सांग. त्रेपन्न वर्षांत काय केलंय त्याने?

बारक्या: जागेवर होतं. सगळ्यांनी काही ना काही करून दाखवलंच पाहिजे असं नसतं.

अक्का: तुझ्यावर गेलंय.

बारक्या: लोक हसतील. तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात, माझी मनगटाशीच उतरेल.

अक्का: आत्ता हसत नाहीत, कीव करतात. ती तुला गोड लागायला लागलीय.

बारक्या: मला? कीव?

अक्का: फळ्यांपलीकडून सगळं ऐकू येतं मला. कोणी आलं की हात पुढे करतोस. 'बघा, हे असं झालं.' तो च्यक् च्यक् करतो. तू म्हणतोस, 'चालायचंच.' तो गेला की त्याच्या नावाने बोटं मोडतोस. चारच आहेत तरी.

बारक्या: मी त्याच्या भांगाला नावं ठेवतो. त्याला नाही.

अक्का: बारक्या, रोज सकाळी तुझ्या शर्टाची बटणं मी लावते.

बारक्या: मी सांगितलं नव्हतं.

अक्का: नाही सांगितलंस. शर्ट अंगावर घालून दारात येऊन उभा राहतोस आणि छताकडे बघतोस. मी बटणांकडे बघते. लग्न केलं नाहीस तेव्हा काय म्हणायचास? कोणाच्या हाताखाली राहणं मला जमायचं नाही.

बारक्या: उद्यापासून बनियनवर हिंडेन.

अक्का: आणि पँटचं बटण?

बारक्या: तू तिकडे जा. इस्त्री जळतेय तुझी.

अक्का: बंद करून आलेय. मी एकसष्टची. माझे गुडघे गेलेत, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय. मी आहे तोवर लावीन, पुढचं कोण लावणार? समोरचा काचवाला?

बारक्या: आणि कुजलं तर? शंभरातली पाच म्हणाल्या त्या. ती पाच कोणाची असतात? माझ्यासारख्यांचीच. हातालाही नाही आणि पायालाही नाही. मग बटणांबरोबर बुटाची नाडीही तुलाच बांधावी लागेल.

अक्का: बांधीन. त्याची काळजी तू करू नकोस. तसंही वाकूनच चालते, जाता जाता तेही होईल.

बारक्या: मोठी आली बांधणारी.

अक्का: एक विचारते. सतरा दिवस तू सिगारेट ओढलेली नाहीस.

बारक्या: कोणी सांगितलं?

अक्का: लोकांच्या कपड्यांनी. पहिल्यांदा असं झालंय की माझ्या घडीला धुराचा वास येत नाही.

बारक्या: काडी पेटवता येत नाही. अंगठा लागतो काडीला.

अक्का: तीन महिने डाव्या हाताने पेटवत होतास.

बारक्या: कंटाळा आला.

अक्का: आला असेल.

* * *

बारक्या: दवाखाना आहे की तुझं इस्त्रीचं दुकान? पंखासुद्धा लावू देत नाहीत.

अक्का: खोली गरमच ठेवायची आहे. गारठा लागला की रक्तवाहिन्या आखडतात. ऑपरेशन झाल्यापासून दहा वेळा सांगितलं असेल.

बारक्या: अकरा तास झोपवलं आणि दोन दिवस या भट्टीत टाकलंय. पाय ठणकतोय. हात उशीवर मांडून ठेवलाय, विकायला ठेवल्यासारखा. आणि टोकाला ते. माझ्याकडे टक लावून बघतंय.

अक्का: नख वाढलंय त्याचं.

बारक्या: आधी सांगायचंस. आतापर्यंत बुटात होतं ते.

अक्का: मला काय ठाऊक, वर येणार आहे म्हणून.

बारक्या: शेजारच्या कॉटवरच्याची दाढी बघ. इथल्याच कोणीतरी केलीय. चार ठिकाणी कापूस चिकटवलाय. माणूस अपघातात वाचला आणि दाढीत—

अक्का: थांब. हलू नकोस. बघू दे.

बारक्या: काय बघतेस? नर्स बघून गेली. दर तासाला येते, दाबते, लिहिते.

अक्का: तिला येऊन पाऊण तास झाला. हे गार आहे.

बारक्या: काय गार आहे? मला घाम फुटलाय.

अक्का: तू गरम आहेस. हे गार आहे. सकाळी शेजारच्या बोटाइतकंच उबदार होतं.

बारक्या: तू डॉक्टर कधीपासून झालीस?

अक्का: चाळीस वर्षं मी इस्त्रीचा ताव बोटाची पाठ जवळ नेऊन ओळखते. रेशमाला किती, सुताला किती. एक कापड जाळलं नाही अजून. मला शिकवू नकोस. हे उतरायला लागलंय. गप्प पडून राहा आणि हात उचलू नकोस.

(अक्का दार उघडं टाकून जाते. थोड्या वेळाने डॉक्टरांना घेऊन परत येते.)

अक्का: नर्सबाई म्हणतात, नोंद बरोबर आहे. नोंद मगाचची आहे. तुम्ही स्वतः हात लावून बघा.

डॉक्टर: बघते. जरा दाबते हं, काका. लाली परत यायला फार वेळ लागतोय. रंगही फिका पडलाय. मावशी, हे कधी लक्षात आलं?

अक्का: अकराला ठीक होतं. बाराच्या सुमाराला शंका आली, पण वाटलं, माझाच हात तापलेला असेल. मग शेजारच्या बोटाला लावून बघितला. आता सव्वाबारा झालेत.

डॉक्टर: रक्त आत नेणाऱ्या वाहिनीत गुठळी झाली असावी. काका, आपल्याला लगेच परत आत जावं लागेल. जोड उघडून गुठळी काढायची आणि पुन्हा शिवायचं. आत्ता गेलो तर वाचायची चांगली आशा आहे. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं.

बारक्या: परत फाडणार?

डॉक्टर: परत उघडणार.

बारक्या: नको. राहू दे. गेलं तर गेलं. मी म्हटलंच होतं, ती पाच माझ्यासारख्यांचीच असतात.

अक्का: कागद आणा. सही मी करते.

डॉक्टर: ते शुद्धीत आहेत, मावशी. संमती त्यांचीच लागेल.

बारक्या: माझी? कशाने करू सही? डाव्या हाताचा अंगठा उठवू?

डॉक्टर: चालेल.

बारक्या: तो राहिलाय अजून. आणा. अक्का.

अक्का: काय?

बारक्या: तू ओरडली होतीस. मी ऐकलं होतं.

अक्का: बरं. पडून राहा.

बारक्या: वाटलं, आधी टॉवेल घेऊ, मग हात काढू. वेळ आहे असं वाटलं.

अक्का: बोलू नकोस आता. तोंड कोरडं पडतं. मी इथेच बसलेय, दाराशी.

* * *

अक्का: बावीस.

बारक्या: तेवीस. एक टेबलाखाली गेलं.

अक्का: खाली पडलेलं धरत नाहीत. या वाटीतून त्या वाटीत, चिमटीने, पन्नास बटणं. असं सांगितलंय.

बारक्या: ज्यांनी सांगितलं त्यांनी स्वतः कधी मोजलीत? हयातभर कात्री चालवली, वस्तरा चालवला, आणि आता लोकांची तुटकी बटणं या वाटीतून त्या वाटीत. कोणाची आहेत ही एवढी?

अक्का: चाळीस वर्षांत गळालेली. एकही जण मागायला आला नाही.

बारक्या: काय गळतंय याचा पत्ता नसतो लोकांना.

अक्का: दवाखान्यात म्हणालास, मी ओरडलेलं तू ऐकलं होतंस.

बारक्या: मी? गुंगीत असेन.

अक्का: गुंगी उतरून दोन दिवस झाले होते.

बारक्या: मग भेदरलेला असेन. भेदरलेल्या माणसाचं बोलणं कोर्टातही धरत नाहीत. शटर तूच ओढलंस.

अक्का: बरा झालास म्हणायचा. वळव, अंगठा वळव. खांबासारखा उभा आहे नुसता.

बारक्या: वळतोय. हा बघ. वळतो, धरतो, सगळं करतो, पण मेलेला आहे. बटण धरलंय हे मला बघून कळतं. डोळे मिटले की बटण आहे की सुटलं, पत्ता नाही. काल तुझ्या इस्त्रीला टेकला.

अक्का: कधी?

बारक्या: तू दूध आणायला गेली होतीस तेव्हा. जळका वास आला. म्हटलं, ही कोणाच्या तरी कॉलरवर इस्त्री ठेवून गेली. बरं वाटलं जरा. म्हटलं, आता हीही खाईल बोलणी. वळून बघितलं तर मीच जळत होतो.

अक्का: दाखव. आतली बाजू वर कर. हे कालचं आणि तू मला आज सांगतोस?

बारक्या: काय सांगायचं? ऑपरेशनला पाच महिने झाले. लाकडाचा ठोकळा ठोकून दिला असता तरी एवढं काम केलं असतं त्याने. जळला तर बदलता आला असता.

अक्का: चप्पल घाल. दाखवून येऊ.

* * *

डॉक्टर: फोड वरवरचा आहे, भरेल. पण गरम वस्तूंपासून लांब राहायचं, काका. इस्त्री, चहाचा कप, गॅस.

बारक्या: आणि बहीण?

डॉक्टर: बहिणीमुळे हे बोट आहे.

बारक्या: ते मला रोज ऐकवलं जातं. तुम्ही नका सुरू करू.

अक्का: एकदाच ऐकवलं मी.

बारक्या: रोज एकदाच.

डॉक्टर: नस आम्ही अंगठ्याच्या बुडाशी जोडलीय. तिथून ती पुढे वाढत टोकाकडे जाते, दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. तुमच्या बाबतीत त्याहून संथ आहे, कारण मध्ये दुसरं ऑपरेशन झालं. डोळे मिटा. हे कळतंय?

बारक्या: नाही. तुम्ही काही लावलंच नाहीत.

डॉक्टर: लावलं. आता?

बारक्या: नाही.

डॉक्टर: आता? इथे नुसती टिचकी मारतेय.

बारक्या: इथे काहीतरी आहे. मुंगी चालल्यासारखं. मारा परत. हो. कुठेय ते?

डॉक्टर: मधल्या पेरापाशी. म्हणजे नस तिथवर पोचलीय. टोकाला पोचायला आणखी दोन-तीन महिने.

बारक्या: मुंगीसुद्धा एवढा वेळ लावत नाही. वस्तरा कधी धरू?

डॉक्टर: वस्तरा नका धरू. खोटं सांगत नाही, टोकाची जाण पूर्वीइतकी बारीक कधीच होणार नाही. कात्री चालवाल. उघड्या पात्याने लोकांचे गळे नकोत.

बारक्या: दाढी बंद.

डॉक्टर: दाढी बंद.

बारक्या: बाई, तीस वर्षांत माझ्या हातून एका गालावर रक्त आलं नाही. हे असं सहज 'बंद' म्हणून सांगायचं नसतं. थोडं इकडचं तिकडचं बोलून मग सांगायचं.

डॉक्टर: पुढच्या वेळी लक्षात ठेवीन.

बारक्या: पुढच्या वेळी काय काढणार आहात?

* * *

अक्का: तीन महिने थांबून आता कुठे कात्री धरलीस, मग कालच्या गिऱ्हाइकाला का घालवलंस? चांगला येऊन बसला होता.

बारक्या: घालवलं नाही. खरं ते सांगितलं. फडकं बांधलं आणि म्हटलं, हे बोट पायाचं आहे, चालत असेल तर बसा.

अक्का: असं सांगतात?

बारक्या: मग कसं सांगतात? गळ्यातल्या फडक्यासकट पळाला. कोपऱ्यावर जाऊन सोडलं. मी चपला शोधेपर्यंत दिसेनासा झाला. डोक्यावर सगळे मिळून चाळीस केस, आणि तोरा बघ.

अक्का: कोणी विचारलं तर सांगायचं. आपण होऊन कशाला?

बारक्या: डोळे मिटून बसलेल्या माणसाला मी फसवत नाही. एक वेळ भांग वाकडा पाडीन.

अक्का: भांग तू वाकडा पाडत नाहीस.

बारक्या: नाही पाडत.

अक्का: पोस्टमन बसला ना पण?

बारक्या: बसला, मंगळवारी. म्हणाला, माझा सगळा धंदाच पायांवर आहे, मला काय त्याचं. पूर्वी दहा मिनिटांत व्हायचा तो, आता पाऊण तास लागला. कात्री दोनदा निसटली. पण मान अशी रेखून दिली की समोरच्या काचवाल्याने येऊन बघावी. आरशात बघून मला म्हणतो, दुखलं का तुम्हाला?

अक्का: मग?

बारक्या: मी म्हटलं, तुमच्या मानेची अवस्था बघून दुखलं.

अक्का: आज शुक्रवार. मंगळवारनंतर एका डोक्याला कात्री लागलेली नाही.

बारक्या: येतील. काचवाल्याकडे दोनदा कापलं की माणूस परत येतो. आरसा प्रत्येकाच्या घरी असतो.

अक्का: ऊठ खुर्चीतून.

बारक्या: का?

अक्का: मी बसते.

बारक्या: तू? तीस वर्षांत एकदा बसली नाहीस. तुझ्या हाती मान देण्यापेक्षा केस जळाले तरी चालतील म्हणायचीस.

अक्का: अजूनही तेच म्हणते. टोकं कापायची आहेत. चार बोटं. त्याच्या वर नाही.

बारक्या: हाताची चार की पायाची?

अक्का: काप गुमान. माझे कपडे पडलेत.

बारक्या: अंबाडा सोड. हे काय आहे? हे कशाने कापतेस तू?

अक्का: कापडाच्या कात्रीने. धुताना, वाकून.

बारक्या: वाटलंच. एक टोक कंबरेला, एक खांद्याला. आणि ही बाई उभ्या गल्लीच्या पँटची धार सरळ आहे का बघते. माझी कात्री ऐक. असा आवाज आला पाहिजे, सलग. मध्ये अडकला की समजायचं, अंगठा चुकला.

अक्का: आत्ता अडकला.

बारक्या: आत्ता तू बोललीस म्हणून अडकला. मान खाली. आणखी खाली. मानेवर बोट टेकणार आहे, सांगून ठेवतो. पायाचं आहे.

अक्का: ठाऊक आहे. टेक.

बारक्या: गार लागतंय?

अक्का: नाही.

बारक्या: हलू नकोस.

अक्का: मी हलले नाही. कात्री का खाली ठेवलीस? झालं?

बारक्या: नाही झालं. ही एक बट चिमटीत धरून बघतोय. डोळे मिटून.

अक्का: आता डोळे मिटून कापणार आहेस का?

बारक्या: केस फार पातळ झालेत तुझे, अक्का.

अक्का: झाले असतील. दिसतात का तसे? मला आरशात तर नाही वाटत.

बारक्या: दिसत नाहीत. हाताला लागतंय.